कुणी शब्द पुरवू नये

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय दीपा,

घे, लिहिलं पत्र. कागदावर, पेनाने, पाकिटाला तिकीट लावून. 'ताई, आता फोन नको करूस, पत्र लिहीत जा, माझी मराठी लिहायची सवय मोडत चाललीये' असा तुझा मेसेज आला तेव्हा सुमंत म्हणाला, तुझ्या बहिणीला साठी उलटल्यावर कॉलेजातली थेरं सुचायला लागली. मी म्हटलं, सुचू देत, तुला कुठे उत्तर लिहायचंय.

आता माझी तक्रार ऐक. जन्मभर लोकांना भूल दिली, एकाही पेशंटने उठून माझं शिक्षण विचारलं नाही. रिटायर झाल्यावर इथल्या लायब्ररीत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला जाऊ लागले, तर तिथली बाई म्हणते, 'डॉक्टर, ट्रेनिंग कंपल्सरी आहे. ऑनलाइन आहे, डिसेंबरपर्यंत.' म्हणजे एकाहत्तराव्या वर्षी मी पुन्हा शाळेत. तू प्रौढांच्या शिक्षकांना शिकवतेस हे माहीत होतं, पण आमच्या लायब्ररीने नेमका तुझाच कोर्स घेतलाय हे लॉगिन केल्यावर कळलं. जिचे पाढे मी कान धरून पाठ करून घेतले, ती मालूमावशीची दीपा आता मला गृहपाठ देणार!

कालचं पहिलं लाइव्ह सेशन डायनिंग टेबलवर बसून पाहिलं, सुमंतला बेसमेंटमध्ये पिटाळून. काय एकेक माणसं जमवलीयेस गं! मेनमधल्या तुरुंगात गणित शिकवणारा तो दाढीवाला वॉल्टर, चिकनच्या कारखान्यात शिफ्ट सुटल्यावर वर्ग घेणारी ती कॅरोलायनाची मुलगी, आणि मॉरिसव्हिलहून सगळी बटणं दाबणारा तुझा मदतनीस अनिल. तू म्हणालीस, मोठं माणूस पहिल्यांदा वर्गात शिरतं तेव्हा वही-पेनाच्या आधी ते बरोबर घेऊन येतं... आणि थांबलीस. कॅमेऱ्याकडे बघत होतीस, चेहऱ्यावर किंचित हसू. कुणी बोलेना. मला आमच्या फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. मग वॉल्टर हळूच म्हणाला, 'शेम.' शरम. तू केवढी खूश झालीस! 'येस! थँक यू, वॉल्टर.' पुढे आणखी दोनदा तेच केलंस. शेवटी अनिलने सांगितलं की याला वेट टाइम म्हणतात, पुढच्या मॉड्यूलमध्ये येणार आहे, आणि दीपा नेहमी शिकवण्याआधी करून दाखवते. मी फीडबॅकमध्ये पाचपैकी पाच दिले आणि लिहिलं, हिची शांतता ऐकण्यासारखी आहे.

आजच माझ्या वर्गात करून पाहिलं. रोझांजेला म्हणून ब्राझीलची बाई आहे, लोकांची घरं साफ करते. 'यस्टरडे आय...' म्हणून अडली. एरवी मी लगेच तोंडात शब्द घातला असता. आज जीभ दाताखाली धरून बसले. तिने खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, 'यस्टरडे आय ब्रोक अ लॅम्प, अँड आय टोल्ड द लेडी.' तिचा चेहरा बघायला हवा होतास. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

हे सगळं तुझ्यामुळे. आता उत्तर लिही आणि गृहपाठाला मुदतवाढ दे.

तुझी मागच्या बाकावरची विद्यार्थिनी,
मृणालताई


डब्लिन, ओहायो
४ ऑक्टोबर २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचलं की हल्ली बरं वाटतं.

माझ्या शांततेचं कौतुक केलंस तो भाग गिरीशला वाचून दाखवला. तो उठून बाहेर पानं गोळा करायला गेला. आमच्या दारातलं ते झाड लाल झालंय. ते गं, तुमच्याकडेही रस्त्याच्या कडेला असतं, ज्याचा पाक काढतात. त्याची पानं.

रोझांजेलाचं वाचून खूप आनंद झाला. मी शिक्षकांना हेच सांगत आले. मोठं माणूस अडलं म्हणजे त्याच्या डोक्यात काही बंद पडलेलं नसतं. ते आत फिरत असतं, एकेक दार उघडून बघत असतं. आपण बाहेरून शब्द पुरवला की ते शोधणं सोडून देतं आणि आपल्याच शब्दाला मान हलवतं. मान हलवणं सोपं असतं. म्हणून कुणी शब्द पुरवू नये. एक श्वास घ्यावा, सोडावा, परत घ्यावा आणि तोंड बंद ठेवावं.

आपल्या लोकांना हे फार जड जातं. आपल्या घरात दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं म्हणजे माया. आई करायची, मावशी करायची, बाबा तर पाहुण्यांचीसुद्धा वाक्यं पुरी करायचे. तू तर काय, मी 'ताई' म्हणायच्या आत 'हो' म्हणायचीस. गिरीशही तसाच. मी 'अरे, ते' म्हटलं की 'चष्मा?' म्हणतो, 'किल्ली?' म्हणतो, उठून आणूनही देतो. बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं आणि मला त्याचा राग येतो. बिचारा.

हा कोर्स मला नीट पूर्ण करायचाय. शेवटचं लाइव्ह सेशन डिसेंबरात आहे. नंतर मी हे काम सोडणार, असं ऑफिसला कळवलंय. आराम म्हण. इतकी वर्षं शिक्षकांना शिकवलं, शेवटच्या दिवशी त्यांच्याशी मी स्वतः दोन वाक्यं बोलावीत एवढंच मनात आहे.

गृहपाठाला मुदतवाढ मिळणार नाही.

दीपा


डब्लिन, ओहायो
१३ ऑक्टोबर २०२४

मृणालताई, नमस्कार.

हे ईमेलने पाठवतोय, कारण पत्रपेटी रोज दीपा उघडते. मी तुम्हाला लिहिलंय हे कृपया तिला कळू देऊ नका. माझ्याकडून तिने तसं वचन घेतलंय आणि ते मी आता मोडतोय.

सेशनमध्ये ती थांबते ते शिकवण्यासाठी नाही. तिला शब्द सापडत नाहीत. मार्चमध्ये इथल्या न्यूरॉलॉजिस्टने निदान केलं. मेंदूच्या ज्या भागात भाषा असते तो भाग झिजत चाललाय. बाकी सगळं तिला कळतं, सगळी माणसं ओळखते, गाडी चालवते, हिशोब करते. फक्त शब्द जातात, आधी वस्तूंची नावं, मग बाकीचे. औषध नाही. तुम्ही डॉक्टर आहात, मी जास्त काय सांगू. फोन नको म्हणते तेही यामुळेच. लिहिताना तिला वेळ मिळतो. तुमच्या एका पत्राच्या उत्तराला ती आठवडाभर बसते.

शिक्षक कोर्सच्या पानावर गृहपाठ लिहितात, त्याखाली ती उत्तरं देते. ती उत्तरं आता मी टाइप करतो. ती सांगते, अडते, मी वाक्य पुरं करतो. परवा एकीने लिहिलं, 'दीपा, युअर रिप्लाइज आर सो क्लिअर धिस टाइम.' इंजिनिअरची उत्तरं आहेत, क्लिअर असणारच. दीपाने ते वाचलं आणि उठून गेली.

माझी विनंती अशी की तुम्ही तिला हा कोर्स सोडायला सांगा. अनिल सांभाळेल. आतापर्यंत लोकांना ती पद्धत वाटली, पण पुढे उघड होणार. शेवटच्या सेशनला एवढ्या लोकांसमोर ती पार अडली तर? मला ते बघवणार नाही. आमची अनया म्हणते, 'बाबा, इट्स हर कॉल.' ती लांब सिअ‍ॅटलला आहे, तिला म्हणायला सोपं आहे. दीपा आयुष्यात कुणाचं ऐकत असेल तर तुमचं.

गिरीश


श्रूजबरी
१५ ऑक्टोबर २०२४

गिरीशराव,

मेल वाचला. कालचा सगळा दिवस मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते. सुमंतने दोनदा विचारलं काय झालं.

चाळीस वर्षं मी टेबलावरच्या माणसांचे चेहरे बघण्याचा पगार घेतला. पापणी हलली, ओठांचा रंग जरा बदलला तरी मला आधी कळायचं, सर्जनला नंतर. आणि माझ्या बहिणीचा चेहरा स्क्रीनभर माझ्यासमोर होता. ती एका शब्दासाठी तडफडत होती, आणि मी तिला पाचपैकी पाच दिले! वर तिला ते पत्रात कळवलं. ते वाचताना तिला काय वाटलं असेल? तुम्ही पानं गोळा करायला का उठलात ते आता कळलं. रडू येतं आणि स्वतःचा संताप येतो, दोन्ही एकदम.

पण तिला कोर्स सोड असं मी सांगणार नाही. तिला शेवटच्या दिवशी शिक्षकांशी स्वतः दोन वाक्यं बोलायची आहेत, तिने मला तसं लिहिलंय. तेवढं तिला मिळालं पाहिजे.

तुम्ही काळजी करू नका. नोव्हेंबरच्या सेशनला मी असेन. कुठे अडली तर सावरून घेईन. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मृणालताई


डब्लिन
११ नोव्हेंबर २०२४

ताई,

हे पत्र लिहायला खूप वेळ लागला. गिरीशने हात लावलेला नाही. शब्द चुकले तर असू देत.

तू शब्द पुरवलास. सगळ्यांसमोर.

मी सांगत होते, बरेच दिवस न आलेला विद्यार्थी परत दारात उभा राहिला तर रागावू नका, आधी त्याला... मी शोधत होते. जवळ आला होता. तू आवाज चालू केलास आणि म्हणालीस, 'वेलकम हिम. शी मीन्स, वेलकम हिम.' सगळे तुझ्याकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. वॉल्टर माझ्याकडे असा कधी बघत नव्हता.

सप्टेंबरात तू गप्प बसली होतीस. आता नाही बसलीस. म्हणजे गिरीशने सांगितलं. मी त्याला विचारलं, तो रडला. मी नाही रडले.

आणि शब्द चुकीचा होता, ताई. मला वेलकम म्हणायचं नव्हतं. काय म्हणायचं होतं ते गेलं. तुझा शब्द आला आणि माझा गेला. पण तो नव्हता, एवढं मला माहीत आहे.

दवाखान्यात मला चित्रं दाखवतात. हे काय, हे काय. केसांचं ते दाखवलं. गिरीश हळूच 'कं' म्हणाला. लहान मुलाला सांगतात तसं. तिथे मी पेशंट आहे. घरी पण पेशंट. वर्गात नव्हते. वर्गात सगळे माझी वाट बघत होते, कारण मी त्यांची टीचर. ते खोटं होतं का? मला माहीत नाही. पण चांगलं होतं.

आता एक सेशन आहे. ते मी घेणार. ये किंवा येऊ नकोस. आलीस तर शब्द पुरवू नकोस.

दीपा


श्रूजबरी
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दीपा,

रागावलीस, बरं केलंस. मला असं खडसावणारी आता तू एकटीच उरलीस.

खरं सांगते, मी घाबरले. तू अडलीस आणि मला वाटलं तू पडतेयस, म्हणून धावत हात द्यायला आले. तू पडत नव्हतीस, शोधत होतीस, आणि मी मध्ये तडमडले. तुझा तो शब्द माझ्यामुळे गेला याचं मला किती वाईट वाटतंय ते कुठल्या भाषेत लिहू? रोझांजेलाला मी वेळ देते आणि माझ्या बहिणीला नाही दिला.

गिरीशरावांवर राग धरू नकोस. त्यांनी सांगितलं ते त्यांना एकट्याने सोसवेना म्हणून. चूक जी झाली ती माझी.

कोर्सच्या पानावर आता तू स्वतः लिहायला लागलीस ते पाहिलं. माझ्या गृहपाठाखाली 'गुड. मोअर स्लो' एवढंच आहे. मी मोठी डॉक्टरीण, मला इतकी वर्षं कुणी हे सांगायची हिंमत केली नव्हती. वर्गात आता खरंच सावकाश बोलते. म्हातारे लोक खूश आहेत.

डिसेंबरात मी येणार. म्यूटवर राहीन आणि सुमंतला सांगेन की माऊस घेऊन खाली जा. काहीही झालं, कितीही वेळ लागला, तरी तोंड उघडणार नाही. हे मी मालूमावशीच्या नावाने लिहून देते.

तुझी,
मृणालताई


डब्लिन
१३ डिसेंबर २०२४

मृणालताई,

काल काय झालं ते मला सांगाल का?

दीपाने मला खोलीत येऊ दिलं नाही. मी बाहेर जिन्यावर बसलो होतो. सुरुवातीला तिचा आवाज येत होता, थांबत थांबत, पण येत होता. मधे कुणीतरी हसलं, तीही हसली. मग शेवटी ती काहीतरी म्हणायला लागली आणि आवाज बंद झाला. मी उठून दाराशी गेलो. दाराची मूठ धरून उभा राहिलो. आत जायचं नाही असं तिने बजावलं होतं आणि या वेळी मला वचन मोडायचं नव्हतं. आतून काहीच येईना. तुमच्यापैकीही कुणाचा आवाज नाही. मला वाटलं नेट गेलं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. चष्मा हातात तसाच. माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आज सकाळपासून ती झोपूनच आहे. जिंकली की हरली तेही मला कळत नाही.

गिरीश


श्रूजबरी
१४ डिसेंबर २०२४

गिरीशराव,

नेट गेलं नव्हतं. सांगते.

सेशन चांगलं झालं. अडत होती, पण लोकांना सवय झाली होती. चित्रं दाखवली, गट पाडून दिले, वॉल्टरने त्याच्या एका कैद्याने पहिल्यांदा भागाकार केल्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली, तेच तुम्ही ऐकलंत. मग अनिल म्हणाला, आता दीपा समारोप करतील. तिने चष्मा काढून ठेवला. म्हणाली, 'आय वाँट टु टेल यू वन थिंग. व्हेन युअर स्टुडंट कम्स टु यू, प्लीज...' आणि थांबली.

आम्ही वाट बघत होतो. सुमंत माऊस घेऊन खाली गेला होता, मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. ती कॅमेऱ्याकडे बघत होती. ओठ एकदा हलले. मग डोळे मिटले, उघडले. कॅरोलायनाची मुलगी पुढे वाकली. वॉल्टरने टोपी काढून हातात घेतली. चॅटमध्ये कुणी एक अक्षर टाकलं नाही. नोव्हेंबरात मी केलेल्या घोळाने काहींना शंका आली असेल, काहींना अजून ती पद्धतच वाटत असेल, कोण जाणे. पण कुणी हललं नाही. ती शिकवून गेली होती तसंच सगळे वागत होते.

आणि त्या वेळात मला कळलं की ती कुठला शब्द शोधतेय हे मलाही माहीत नव्हतं. मागच्या वेळी मला केवढी खात्री होती! या वेळी कितीतरी शब्द मनात आले, प्लीज ऐका, प्लीज हसा, प्लीज घाई करू नका, आणि त्यातला एकही तिचा नव्हता. तो तिच्याचपाशी होता आणि तिलाही मिळत नव्हता. मी आयुष्यात इतकी असहाय कधी बसले नाही. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

शब्द आला नाही, गिरीशराव. तिने बराच वेळ शोधला. मग हळूच मान हलवली, हात जोडले, जसे आपण जोडतो तसे, आणि तिची चौकट बंद झाली. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. अनिलने सेशन बंद करायचं असतं, त्यालाही ते सुचेना. कुणी 'बाय' म्हटलं नाही. मग वॉल्टर रडायला लागला आणि एकेक जण निघून गेला.

तुम्ही विचारलंत जिंकली की हरली. तिला दोन वाक्यं बोलायची होती, एक झालं, दुसरं अर्धंच राहिलं. पण कुणी ते तिच्याकडून घेतलं नाही. मला एवढंच सांगता येतं.

मृणालताई


डब्लिन
२० मार्च २०२५

मृणालताई,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

इंग्रजी जवळजवळ गेलं. अनयाचा फोन आला की दीपा 'हॅलो' म्हणते आणि माझ्याकडे देते. नात्यातल्या लोकांची नावं गेली. गेल्या महिन्यात गाडीची किल्ली तिने आपणहून माझ्या हातात दिली. मराठी थोडं आहे, हो, नको, बाई गं, असं. जिवाला लागतं ते हे की तिला सगळं कळतं. मी मित्रांशी बोलताना तिच्याबद्दल हळू आवाजात बोललो तरी तिला कळतं.

तिच्या कोर्सचे रेकॉर्ड केलेले धडे अनिलने मला पाठवले. शब्द न पुरवण्याचा धडा मी रोज लावतो. इतक्या वर्षांत मी तिचं काम कधी बघितलं नव्हतं. शिक्षकांचं काहीतरी असतं, एवढंच माहीत. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आहे, धडधड बोलतेय, हात हलवतेय. आता सकाळी मी तिला विचारतो, चहा की कॉफी, आणि थांबतो. एक श्वास घेतो, सोडतो, परत घेतो. कधी ती 'च' म्हणते. कधी नुसतं बोट दाखवते. कधी चहाचं पाणी उकळून आटतं, मी परत टाकतो. आधी मी हे शिकलो असतो तर तिची इतकी वाक्यं माझ्या तोंडून संपली नसती, हा विचार मला सोडत नाही.

सोबत तिने तुमच्यासाठी लिहिलेला कागद आहे. जानेवारीत सुरू केला होता, काल संपला असं तिने खुणेने सांगितलं. मी त्यात काही घातलेलं नाही.

'ताई. पत्र छान. झाड. बर्फ. ये. ये ताई.'

या तुम्ही. लवकर या.

गिरीश


श्रूजबरी
१८ मे २०२५

गिरीशराव,

काल नीट पोचले. विमानात खिडकीशी बसून रडले, शेजारच्या बाईने टिश्यू दिला.

एक गोष्ट तिथे असताना तुम्हाला सांगता आली नाही, ती लिहिते. शुक्रवारी तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. तिचे हात अजून किती भरभर चालतात! माझ्या पुढ्यात चार शेंगा होतात तोवर तिचा ढीग. मधेच तिने माझ्याकडे बघून हसून शेंगेतले सगळे दाणे तोंडात टाकले. लहानपणी करायची तस्संच. मला वाटलं, हीच वेळ आहे. परत कधी येणं होईल, तेव्हा ती मला ओळखेल का, काय ठाऊक. मला तिला निरोपाचं काहीतरी सांगायचं होतं. बहिणीने बहिणीला सांगावं असं. घरून निघतानाच ठरवून आले होते. वाक्यसुद्धा तयार होतं.

मी म्हटलं, 'दीपा, मला तुला सांगायचंय...' आणि पुढे शब्दच येईना. तोंड उघडं, आवाज नाही.

तिने हातातली शेंग खाली ठेवली. खुर्ची माझ्याकडे वळवली. हात मांडीवर ठेवले, मान जराशी कलती केली आणि माझ्याकडे बघत बसली. तिने माझे डोळे पुसले नाहीत. पाठीवरून हात फिरवला नाही. उगी उगी नाही, काही नाही. तोंडावर घाई म्हणून नव्हती. मी परत सुरुवात केली, 'दीपा, मला...' परत अडले. ती थांबली होती. मी छताकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं. तिने एक श्वास घेतला, सोडला, परत घेतला. माझ्या समोर माझी बहीण नव्हती, पेशंट तर नव्हतीच. शिक्षकांना शिकवणारी बाई बसली होती, आणि तिला माझ्यासाठी हवा तितका वेळ होता.

मी खूप प्रयत्न केला, गिरीशराव. तुमची गाडी ड्राइव्हवेमध्ये आली, गॅरेजचं दार वर गेलं, तरी ती तशीच माझ्याकडे बघत होती. मला बोलता आलं नाही.

मृणालताई